काटा साठावरच होता

ड्रायव्हरच्या बायकोने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. घड्या घालून घालून तो कापडासारखा मऊ पडला होता.

"हे आधी वाचा," ती म्हणाली. "खुनाचं मग सांगते."

वहिनींनी चष्मा चढवला. वीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांचे दावे तपासून झाल्यावर त्यांनी स्वतःची शोधसंस्था काढली होती. खुनाआधी कागद वाचायला लावणारं अशील त्यांना प्रथमच भेटत होतं.

पलीकडच्या टेबलावर त्यांचे दीर पेन्सिलीला टोक करत बसले होते. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ते वहिनी म्हणायचे, म्हणून हळूहळू सगळं गावच त्यांना वहिनी म्हणू लागलं होतं, आणि दिरांना मास्तर. मास्तरांकडे टिपणं काढायचं काम होतं. ती समजलीच पाहिजेत अशी अट नव्हती.

"वाचा भाऊजी, मोठ्याने," वहिनी कागद त्यांच्याकडे देत म्हणाल्या.

मास्तरांनी घसा साफ केला.

"'तुम्हांस कळविण्यात येते की, नवीन टायर बसविल्यानंतर दिनांक तीन ते चोवीस या बावीस दिवसांत, रविवार धरून, माझी जीप रोज एकदा बंगल्यावरून कारखान्यात जाणे व परत येणे याखेरीज कोठेही गेलेली नाही. या काळात मीटरप्रमाणे चारशे किलोमीटर झाले व चाळीस लिटर डिझेल लागले. दोन्ही वेळचे आकडे मी स्वतः वाचले आहेत. पूर्वी लिटरला अकरा किलोमीटर पडत, आता दहा पडतात. फरकाचे डिझेल कोठे गेले हे तुम्ही जाणता. आजपासून कामावर येऊ नये.' तारीख पंचवीस. खाली सही, आणि सहीखाली 'कार्यकारी संचालक'."

"कशाचे संचालक?" वहिनींनी विचारलं.

"पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे," ती म्हणाली. "दोघे भाऊ. थोरल्यांनी उभा केला, धाकटे त्यात बसतात. माझा नवरा चौदा वर्षं धाकट्यांची गाडी चालवत होता. चौदा वर्षांत कधी पेन घरी आणलं नाही त्याने कारखान्यातलं. आणि हा माणूस त्याला डिझेलचोर ठरवून मोकळा झाला."

"टायर का बदलले?"

तिच्या ओठांना मुरड पडली. "जुने चांगले होते. पण धाकट्यांना उंची कमी पडते. शेजारच्याने उंच गाडी घेतली, म्हणून यांनी जीपला हे एवढे मोठे टायर बसवले. आता चढायला स्टूल लागतं. माझा नवरा म्हणाला होता, साहेब, टायर मोठे घातले की मीटर जुळवून घ्यावं लागतं. तर म्हणाले, तू मला गाडी शिकवणार? तू फक्त चालव."

"आणि खून?"

तेव्हा कुठे तिचा आवाज हलला.

नोकरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी, म्हणजे अठ्ठावीसला, ड्रायव्हर टेकडीवर थोरल्यांच्या घरी गेला. थोरले त्याला ओळखून होते. निदान चोरीचा डाग तरी पुसतील, एवढीच आशा. त्याने दार वाजवलं. कुणी उघडलं नाही, म्हणून तो आल्या वाटेने उतरून आला. उतरताना अकराच्या सुमारास त्याला लोकांनी पाहिलं. दुपारी एक वाजता थोरले घरामागच्या बागेच्या दगडी पायऱ्यांखाली मरून पडलेले सापडले. डोक्याला मार होता, आणि शर्टाची दोन बटणं तुटलेली होती. आपोआप पडणाऱ्याची बटणं तुटत नाहीत, एवढं पोलिसांनाही कळलं. संध्याकाळी ड्रायव्हर कोठडीत गेला.

"आठ दिवस झाले," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, चोर होता, पुढचं पाऊल टाकलं. म्हणून म्हटलं, आधी चोरीचं वाचा."

वहिनींनी मास्तरांच्या हातातून कागद परत घेतला. "हा माझ्याकडे राहू द्या. जपून ठेवते."

---

इन्स्पेक्टरांनी त्यांना चहा विचारला नाही. त्यांच्या मते प्रकरण संपलं होतं, आणि संपलेल्या प्रकरणात चहा कशाला?

"धाकट्यांकडे पाहिलंत का?" वहिनींनी विचारलं.

"पाहिलं ना! आम्ही काय झोपा काढतो?" इन्स्पेक्टर खुर्चीत ताठ झाले. या भागाची ते आठ दिवस वाटच पाहत असावेत. "धाकटे त्या दिवशी तळ्याकाठच्या विश्रामगृहात होते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांबरोबर जेवण. साडेनऊला निघाले, अकराला पोचले. दोनपर्यंत तिथेच."

"साडेनऊ ते अकरा. अंतर किती?"

"तीस किलोमीटर. रमतगमत गेलो म्हणतात, वाटेत तळं बघत थांबलो. थोरल्यांकडे जायचा फाटा त्याच रस्त्यावर आहे, हे माझ्याही लक्षात आलं होतं. फाट्यापासून टेकडीवरचं घर तीन किलोमीटर."

"म्हणजे वर जाऊन यायला सहा जास्त."

"बरोबर! आणि इथेच आमची अक्कल चालली." इन्स्पेक्टरांनी फाइल उघडली. "बंगल्याच्या फाटकालगत पेट्रोल पंप आहे. निघताना त्यांनी डिझेल भरलं. पंपावरचा माणूस पावतीवर मीटरचा आकडा लिहितो. अठ्ठेचाळीस हजार दोनशे दहा. त्याच दिवशी चार वाजता मी स्वतः बंगल्यावर जाऊन आकडा पाहिला. अठ्ठेचाळीस हजार दोनशे सत्तर. फरक साठ. तीस जायचे, तीस यायचे. वर गेले असते तर सहासष्ट दिसले असते. मीटर खोटं बोलत नाही, बाई."

"मीटर बरोबर दाखवतं कशावरून?"

"तेही पाहिलं. तीस तारखेला मीच जीप घेऊन विश्रामगृहापर्यंत गेलो. तीसचे तीस भरले. शिवाय सर्टिफिकेट आहे. मोठे टायर एक तारखेला बसवले, दोन तारखेला मीटर जुळवलं. मेकॅनिकची सही-शिक्का."

"अठ्ठावीस ते तीस जीप कुठे होती?"

"त्यांच्याकडे. अहो, प्रतिष्ठित माणूस आहे. भाऊ गेलाय त्यांचा. गाडी काय जप्त करायची?"

वहिनींनी त्यांच्याकडे थोडा वेळ नुसतं पाहिलं. कपडे सुकले की नाहीत हे पाहतात, तसं.

"नाही," त्या म्हणाल्या. "प्रतिष्ठित माणसाची कशी करणार?"

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "वहिनी, यात तर काही राहिलंच नाही. तीस आणि तीस साठ."

"बेरीज बरोबर आहे भाऊजी. तुम्ही शाळेत गणित शिकवायला हवं होतंत."

मास्तरांना ते कौतुक वाटलं. त्यांनी टिपून ठेवलं.

---

टेकडीवरच्या घरी दोघा भावांची बहीण राहत होती. थोरल्यांनी लग्न केलं नव्हतं. नवरा गेल्यापासून ताई त्यांचं घर सांभाळत होत्या. डोळे सुजलेले होते, पण जिभेची धार गेली नव्हती.

"संशय माझ्यावर असला तर सरळ विचारा," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी मी दातांच्या डॉक्टरकडे होते. दहा ते साडेबारा. दाढ काढली. हवी असेल तर दाखवते, डबीत आहे."

मास्तरांनी घाईने नको म्हटलं.

"थोरल्यांचं कुणाशी वाकडं होतं?"

"धाकट्याशी. पण ते जन्मापासून." ताईंनी पदर सावरला. "दादा कंटाळले होते. कारखान्यात हा करतो काय, तर सगळ्यांच्या आधी जाऊन कोण किती मिनिटं उशिरा आलं ते लिहितो. रविवारीसुद्धा जातो. रविवारी कुणी नसतं, तरी जातो, आणि केबिनमध्ये एकटा बसून येतो. त्यात ड्रायव्हरला काढल्याचं पत्र कानावर आलं. दादा म्हणाले, पुरे. एक तारखेपासून कारखाना ताई बघेल, धाकट्याने घरी बसावं, आणि ड्रायव्हरला परत बोलवा."

"हे धाकट्यांना माहीत होतं?"

"दादांनी सत्तावीसला फोनवर सांगितलं. मी समोर होते. पलीकडून एकच वाक्य ऐकू आलं, 'मग दारावरच्या पाटीचं काय?' खुर्ची जातेय, आणि याला पाटीची काळजी! गेल्याच महिन्यात पितळेची करून घेतली होती."

"जीप कोण चालवायचं, ड्रायव्हर सोडून?"

"कुणी नाही. धाकट्याला येते, पण स्टिअरिंगला हात लावणं कमीपणाचं वाटतं त्याला. चौदा वर्षांत समोर ड्रायव्हर असताना त्याने गाडीची किल्लीसुद्धा उचलली नाही. आता ड्रायव्हर काढून टाकला, तेव्हा झक मारत चालवतोय."

वहिनी मागच्या पायऱ्या बघून आल्या. अकरा दगडी पायऱ्या, कडेला कठडा नाही. पुढच्या दारातून त्या दिसत नव्हत्या. दार वाजवून परत जाणाऱ्या माणसाला मागे काय पडलं आहे हे कळणं शक्यच नव्हतं.

---

मीटर मेकॅनिकचं दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली जुनी मीटरं. सगळ्यांचे काटे शून्यावर. मेकॅनिकने त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः मात्र उभाच राहिला.

"टायर बदलला की मीटरचं नेमकं काय बिघडतं?" वहिनींनी विचारलं. त्यांना ते पाठ होतं. पण काहीतरी सोपं बोलू दिलं की घाबरलेला माणूस सैल होतो.

"बिघडत काही नाही," मेकॅनिक म्हणाला. "मीटर चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्याला इतकी जमीन, असं त्याला कंपनीने सांगून ठेवलेलं असतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जमीन जास्त मागे पडते. मीटरला ते कळत नाही. ते जुन्याच हिशोबाने दाखवतं. मग आम्ही मध्ये एक डबी बसवतो, ती नवा हिशोब सांगते. झालं."

"या जीपचे टायर किती मोठे झाले?"

"घेर एक दशांशाने वाढला. म्हणजे मीटर शंभर म्हणालं तर खरे एकशे दहा."

"वेगाचंही तसंच?"

"तसंच. काटा आणि किलोमीटर, दोन्ही एकाच तारेवर."

"डबी तुम्ही बसवलीत. कधी?"

"दोन तारखेला." उत्तर प्रश्नाच्या शेपटीवरच आलं.

"गाडी घेऊन कोण आलं होतं? ड्रायव्हर?"

"नाही, ड्रायव्हर नव्हता. साहेब स्वतः चालवत आले. एकटेच."

"आठवतं तुम्हाला?"

"आठवणारच. उतरताना पडता पडता वाचले, मीच हात दिला." एवढं बोलून तो हसला, आणि लगेच हसल्याचा त्याला पश्चात्ताप झाल्यासारखा दिसला.

मास्तरांनी सगळं लिहून घेतलं. दुकानाबाहेर येऊन ते म्हणाले, "माणूस प्रामाणिक दिसतो. तारीख किती चटकन सांगितली!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "महिनाभरापूर्वीची. मला परवा काय जेवले ते आठवत नाही."

---

धाकटे साहेब दिवाणखान्यात शोक करत बसले होते. शोकासाठी त्यांनी पांढरा झब्बा घातला होता आणि भावाच्या फोटोला जाड हार घातला होता. फोटो मात्र असा निवडला होता, की त्यात कडेला ते स्वतःही होते.

"ड्रायव्हरच्या बायकोने तुम्हाला नेमलंय म्हणे," ते म्हणाले. "त्या लोकांना परवडतं?"

"परवडत नाही. म्हणून मी लवकर संपवते," वहिनी म्हणाल्या. "ड्रायव्हरला काढलंत ते कशावरून?"

"आकड्यांवरून! मी भावनेवर चालत नाही. इथून कारखान्यापर्यंत, फाटक ते फाटक, बरोबर दहा किलोमीटर. रस्त्यावर दगड आहेत, मोजून घ्या. पूर्वी लिटरला अकरा पडायचे. अचानक दहा! डिझेल हवेत उडालं?"

"त्या काळातली मीटरची वही असेल?"

"ड्रायव्हर घेऊन पळाला. वही सापडत नाही. पण माझं पत्र आहे. मी आकडे स्वतः पाहिल्याशिवाय सही करत नाही."

"खात्री आहे?"

"बाई, माझी एक गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल मी कसा माणूस आहे." त्यांनी टेबलावरून एक लिफाफा उचलला. "अठ्ठावीसला, इकडे माझा भाऊ मरून पडलाय, आणि तिकडे त्या तळ्याच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढला. विश्रामगृहाच्या अलीकडे पाच किलोमीटरवर. दहा वाजून पन्नास मिनिटं. साठची मर्यादा, आणि म्हणे माझा वेग सहासष्ट. दंड!"

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला. त्यांच्या बागेतली एक कुंडी त्याहून महाग होती.

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. मी लेखी हरकत घेतलीय. वाचा."

मास्तरांनी वाचलं. "'सदर वेळी माझा काटा साठावरच होता व मी तो स्वतः पाहत होतो. माझे मीटर दोन तारखेलाच जुळवून घेतले असून सोबत सर्टिफिकेट जोडले आहे. सबब आपला कॅमेरा सदोष आहे.'"

"शपथेवर सांगाल?" वहिनींनी विचारलं.

"हजारदा! काट्यावरून नजर हलवली नव्हती मी. नवा कॅमेरा दिसला की मी बरोबर साठावर धरतो. एक रेघ पुढे नाही."

"पत्राची नक्कल मिळेल?"

"घ्या की. माझ्याकडे तीन आहेत."

फाटकाबाहेर आल्यावर वहिनी थांबल्या. त्यांनी वळून बंगल्याकडे पाहिलं.

"काय झालं?" मास्तरांनी काळजीने विचारलं.

"काही नाही. माणूस किती क्षुद्र असू शकतो याचा माझा अंदाज जरा कमी पडला. वाहतूक शाखेत जाऊन येऊ. मग उद्या सकाळी सगळ्यांना कारखान्यात बोलवा. मेकॅनिकलाही. न आल्यास इन्स्पेक्टर आणतील."

---

केबिनच्या दारावर पितळी पाटी चमकत होती. आत धाकटे आपल्या खुर्चीत बसले होते, ताई खिडकीपाशी, इन्स्पेक्टर दाराशी. मेकॅनिक कोपऱ्यात टोपी चुरगळत उभा होता. ड्रायव्हरची बायको बसायला तयार नव्हती.

वहिनींनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ही दोन्ही पत्रं तुमची," त्या धाकट्यांना म्हणाल्या. "पहिल्याने तुम्ही एका गरीब माणसाला चोर ठरवलंत. दुसऱ्याने एवढासा दंड चुकवायला निघालात. दोन्ही लिहिली नसतीत, तर मला तुमचं काही वाकडं करता आलं नसतं. पण कुणालाही काही न लिहिता गप्प बसणं तुमच्या रक्तात नाही."

"बोलायला बोलावलंय की अपमान करायला?"

"दोन्ही. दुसरं पत्र आधी घेऊ. कॅमेऱ्याला सहासष्ट दिसले. तुम्हाला काट्यावर साठ. वाहतूक शाखेने त्याच सकाळी कॅमेरा तपासून सही केली होती. मी नोंद पाहिली. कॅमेरा बरोबर. मग तुमचा काटा अकरातला एक भाग खाऊन दाखवत होता. मोठे टायर घालून मीटर न जुळवलेली जीप जितकं खाते, नेमकं तितकंच. म्हणजे अठ्ठावीसच्या सकाळी जीपमध्ये ती डबी नव्हती."

धाकट्यांचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. "मी… मी काट्याकडे पाहिलंच नव्हतं. रागात लिहिलं. पळवली असेल सहासष्टने. दंड भरतो मी."

"हजारदा शपथेवर सांगणार होतात."

"चुकलं म्हणतो ना!"

"बरं, चुकलं. इन्स्पेक्टर, रमतगमत जाणारे साहेब दहा पन्नासला घाईत होते, हे तेवढं लिहून घ्या." वहिनींनी शेजारचा कागद पुढे सरकवला. "आता हे पहिलं पत्र. भाऊजी, बावीस दिवस, रोज दहा जायचे आणि दहा यायचे. किती झाले?"

मास्तरांनी पेन्सिल चालवली. "चारशे चाळीस."

"पत्रात किती लिहिलेत?"

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. "चारशे."

"चाळीस किलोमीटर रस्ता कुठे गेला?" वहिनींनी विचारलं. "डिझेल चोरता येतं. रस्ता कसा चोरणार? फाटक ते फाटक दहा किलोमीटर, हे साहेबांनी स्वतः सांगितलं. तरी काल आम्ही दगड मोजून आलो. आकडेही यांनीच वाचले. लबाड ड्रायव्हरने गाडी इकडेतिकडे पळवली असती, तर आकडा वाढला असता. इथे तो कमी भरला. याचा अर्थ एकच. सर्टिफिकेट म्हणतं, मीटर दोन तारखेला जुळवलं. आणि तीन ते चोवीस तेच मीटर दर एकशे दहाला शंभर दाखवत होतं. सर्टिफिकेट खोटं आहे."

ड्रायव्हरची बायको पुढे आली. "म्हणजे डिझेल…"

"चारशे चाळीस किलोमीटर, चाळीस लिटर. लिटरला अकरा. तुमच्या नवऱ्याने एक थेंब घेतला नाही. त्याने मीटर जुळवायला सांगितलं होतं, आणि ज्याने ऐकलं नाही त्यानेच त्याला चोर म्हटलं."

तिने डोळ्यांना पदर लावला. आठ दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती, आणि खुनाचं अजून निघायचंच होतं.

इन्स्पेक्टर खाकरले. "पण बाई, माझ्या समोर तीसचे तीस भरले होते."

"तीस तारखेला. मधल्या दिवशी डबी बसली होती. तुम्ही आकडा लिहिलात आणि जीप त्यांच्याकडेच ठेवलीत, प्रतिष्ठेखातर. अठ्ठावीसला पावतीच्या आकड्यापासून तुमच्या आकड्यापर्यंत मीटर साठ चाललं. न जुळवलेलं मीटर. खरे किलोमीटर किती?"

इन्स्पेक्टरांचे ओठ हलले. उत्तर मास्तरांच्या तोंडून बाहेर पडलं. "सहासष्ट!"

"तीस, तीस आणि वर सहा. टेकडीवर तीन, खाली तीन. परत आल्यावर साहेबांनी मीटर पाहिलं असेल, आणि त्यांना वाटलं असेल की नशीब आपल्यावर फिदा आहे. मीटरने स्वतःहून बरोबर निर्दोष माणसाचा आकडा दाखवला होता. आता फक्त ते मीटर आधीपासून खरं होतं एवढंच दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेकॅनिककडे गेले. स्वतः चालवत, एकटे. ड्रायव्हर कामावर असताना किल्लीलाही हात न लावणारा माणूस! दोन तारखेला ड्रायव्हर होता. एकोणतीसला नव्हता." वहिनी कोपऱ्याकडे वळल्या. "पडता पडता वाचले ते कधी?"

टोपी खाली पडली. "एकोणतीसला," मेकॅनिक म्हणाला. "मला म्हणाले, विम्याच्या कागदांसाठी तारीख मागची हवीय. कारखान्याच्या सगळ्या गाड्यांचं काम देतो म्हणाले. आईशप्पथ, खुनाचं मला ठाऊक नव्हतं."

"खोटं आहे हे!" धाकटे उठले. उठल्यानेही फारसा फरक पडला नाही. "मी फक्त बोलायला गेलो होतो. चौदा वर्षं मी इथे बसलोय, आणि फोनवरून मला सांगतात, घरी बस? मी म्हटलं, निदान पाटी राहू दे. ते हसले. पायऱ्यांवर उभे राहून माझ्याकडे बघून हसले. मी शर्ट धरला, एवढंच. मी काही ढकललं नाही. सोडलं."

इन्स्पेक्टर एक पाऊल पुढे आले.

ताईंचा आवाज अगदी खाली आला होता. "खाली उतरून बघितलंस तरी का?"

धाकट्यांनी बाही सारखी केली.

"दादा जिवंत असतील तर, असं वाटलं नाही तुला? तू जाऊन जेवलास?"

"पाहुणे वाट बघत होते," धाकटे म्हणाले. ते उत्तर त्यांना खरोखरच पुरेसं वाटत होतं.

ताई खिडकीपासून चालत आल्या, त्यांच्यासमोर क्षणभर थांबल्या आणि काहीही न करता बाहेर निघून गेल्या. थोबाडीत मारण्याइतकीही त्यांना त्याची किंमत राहिली नव्हती. इन्स्पेक्टरांनी बेड्या काढल्या. या वेळी प्रतिष्ठेचा विषय निघाला नाही.

---

दुपारी ड्रायव्हर कोठडीतून बाहेर आला. मध्यम उंचीचा, शांत माणूस. आठ दिवसांची दाढी, चप्पल कुठेतरी हरवलेली. बायकोने त्याच्या हातात घरून आणलेला धुतलेला शर्ट दिला. त्याने तो तिथेच, पोलीस ठाण्याच्या पायरीवर बदलला, आणि जुना नीट घडी करून पिशवीत ठेवला.

ताई आल्या होत्या. "गाडी तुझीच," त्या म्हणाल्या. "आणि चोरी केली नाहीस, हे मी फाटकावर लिहून लावणार आहे. सगळे वाचतील असं."

"आधी ते लावा, ताई," तो म्हणाला. "मग येतो."

इन्स्पेक्टर आपल्या जीपपाशी घुटमळत होते. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तिची जागा शोधता येत नव्हती.

"गैरसमज झाला जरासा," ते म्हणाले. "मनावर घेऊ नका. चला, आमच्या गाडीने सोडतो घरी."

ड्रायव्हरने जीपकडे एकदा पाहिलं. पुढून मागे, चौदा वर्षं रोज सकाळी पाहत असे तसं.

"नको साहेब. आम्ही चालत जाऊ," तो म्हणाला. "तुम्हीही एवढ्यात बसू नका. डाव्या हाताचं मागचं चाक बघा. दोन नट सैल आहेत."

आणि तो बायकोबरोबर अनवाणी निघून गेला.

इन्स्पेक्टर इकडेतिकडे बघत चाकाशी वाकले. पहिला नट त्यांच्या बोटांनीच फिरला.